नावात राहिलेली चूक

आमच्या कोडमध्ये एक जुनं फंक्शन आहे. त्याचं नाव एक सांगतं आणि ते करतं भलतंच. त्या नावावर विसंबून मी एकदा अख्खी रात्र चुकीच्या फाइलमध्ये बग शोधत बसलो होतो. म्हणून एनएफ-कॅपा-बी या प्रथिनाचा इतिहास वाचताना जुनी ओळख निघाल्यासारखं वाटलं.

१९८६ साली रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर अमेरिकेत एका प्रश्नामागे होते. आपल्या बी पेशी अँटिबॉडी बनवतात, पण त्यासाठी लागणारं 'कॅपा' जनुक चालू कोण करतं? पेशींच्या केंद्रकांचा अर्क काढून तपासल्यावर त्या जनुकाजवळच्या डीएनएला चिकटणारं एक प्रथिन सापडलं. बी पेशींत ते होतं, तपासलेल्या इतर पेशींत दिसलं नाही. नाव पडलं तेही तसंच: बी पेशींमधला, कॅपा जनुकाचा, केंद्रकातला घटक.

काही महिन्यांतच त्या नावाला तडा गेला. ज्या अपरिपक्व पेशींत हे प्रथिन दिसत नव्हतं, त्यांना जिवाणूच्या आवरणातला एक रेणू दिला आणि ते हजर झालं. पेशीने ते नव्याने बनवलं असेल, असं कुणालाही वाटेल. म्हणून त्यांनी औषध देऊन पेशीचं प्रथिनं बनवण्याचं कामच थांबवलं. तरीही ते हजर! म्हणजे ते आधीपासून तिथेच होतं. पुढे बी नसलेल्या पेशींतही ते असंच जागं करता आलं.

मग ते दडलं होतं कुठे? १९८८ मध्ये पॅट्रिक बॉयर्ले आणि बाल्टिमोर यांनी केंद्रकाबाहेरचा द्रव तपासला. त्यात एक डिटर्जंट मिसळताच निपचित पडलेलं प्रथिन डीएनएला चिकटू लागलं. त्याला धरून ठेवणारा एक पहारेकरी होता, आय-कॅपा-बी.

बाकीचा उलगडा नव्वदच्या दशकात झाला. धोक्याचा संदेश आला की एक एन्झाइम पहारेकऱ्यावर फॉस्फेट चिकटवतं. ती खूण झाली की पेशीचं कचरायंत्र, म्हणजे प्रोटिआसोम, पहारेकऱ्याचे तुकडे करतं. सुटलेलं प्रथिन काही मिनिटांत केंद्रकात शिरतं आणि सूज आणणारी, संसर्गाशी लढणारी जनुकं चालू करतं. ते जी जनुकं चालू करतं, त्यांत पहारेकऱ्याचं जनुकही असतं. नवा पहारेकरी तयार होतो आणि त्याला पुन्हा बाहेर ओढून आणतो. हे चक्र बिघडलं की सूज ओसरत नाही, आणि काही कर्करोगांत हेच प्रथिन सतत चालू राहिलेलं सापडतं.

केंद्रकात शोधलं, म्हणून ते केंद्रकातलं ठरलं. बी पेशींत दिसलं, म्हणून बी पेशींचं. प्रत्यक्षात ते आपल्या जवळपास सगळ्या पेशींत आहे, आणि बहुतेक वेळ केंद्रकाबाहेरच थांबलेलं असतं. 'दिसलं नाही' आणि 'नाही' यांत किती अंतर असतं, हे त्या डिटर्जंटने दाखवलं.

नाव मात्र आजही तेच आहे. आमच्या फंक्शनचंही मी बदललं नाही, शंभर ठिकाणी ते वापरलंय. फक्त वर एक कॉमेंट टाकली: नावावर जाऊ नका.