मध्यकर्णातील स्नायू

कानाच्या पडद्यामागे, हवा भरलेल्या पोकळीत हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांची साखळी असते. तिला जोडलेले दोन लहान स्नायू आकसले की साखळी ताठ होते आणि अंतर्कर्णाकडे जाणारा आवाज, विशेषतः खालच्या पट्टीतला, मंदावतो.

रचना : टेन्सर टिम्पनी हा सुमारे २ सेंमी. लांबीचा स्नायू घशाकडून कानाकडे येणाऱ्या नळीच्या वर, हाडाच्या पोकळीत असतो. तो हातोडीचा दांडा आत ओढून पडदा ताणतो; त्याची सूत्रे पाचव्या मस्तिष्क-तंत्रिकेकडे असतात. स्टेपीडियस जेमतेम ६ मिमी. लांबीचा असून हाडांना जोडलेल्या स्नायूंत सर्वांत लहान आहे. तो ज्या रिकिबीला खेचतो, तेही शरीरातले सर्वांत लहान हाड होय. त्याला चेहऱ्याची म्हणजे सातवी तंत्रिका चालवते.

कार्य : साधारण ७० ते १०० डेसिबलच्या दरम्यान आवाज पोचला की स्टेपीडियस आपोआप आकसतो. आवाज एकाच कानात शिरला तरी प्रतिक्षेप दोन्ही कानांत उमटतो. टेन्सर टिम्पनी मुख्यतः चावताना, गिळताना आणि दचकल्यावर आकसतो. स्वतः बोलताना तर आवाज फुटण्याच्या किंचित आधीच स्टेपीडियस सज्ज होतो, त्यामुळे आपल्याच बोलण्याने कान बधिरत नाहीत. सुमारे १,००० हर्ट्‌झखालचा आवाज १० ते २० डेसिबलने घटतो. इंजिनाची घरघर दबल्याने गोंगाटातही ‘स’, ‘त’ यांसारखी उंच पट्टीची व्यंजने तिच्याखाली झाकली जात नाहीत.

मर्यादा : स्नायू आकसायला सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत वेळ लागू शकतो. सुतळी बॉम्ब किंवा बंदुकीचा बार तेवढ्यात आत पोचलेला असतो. मिरवणुकीत ढोलाचा घुमारा थोडाफार अडतो. ताशाच्या उंच कडकडाटापुढे मात्र या स्नायूंचे फारसे चालत नाही. तासन्‌तास चाललेल्या डीजेपुढे ते थकून सैलावतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. एवढ्या आवाजाला हा प्रतिक्षेप सहसा जागाही होत नाही. मात्र स्नायूंच्या वरील उणिवांमुळे कारखान्यात किंवा वादनपथकात कानात बोळे घालण्याला पर्याय नाही.

निदान : बेल्स पाल्सीत अर्धा चेहरा लुळा पडतो. सातवी तंत्रिका स्टेपीडियसला फाटा देण्याआधीच बाधित झाली, तर त्या बाजूला भांड्यांचा साधा आवाजही असह्य होतो. इंपीडन्स ऑडिओमेट्रीत कानात रबरी टोकाची नळी घट्ट बसवून मोठा स्वर ऐकवतात आणि पडद्याच्या ताठरपणातला बदल मोजतात. रुग्णाला ‘ऐकू आले’ असे सांगावे लागत नसल्याने ही चाचणी लहान मुलांतही उपयोगी पडते. ऑटोस्क्लेरोसिसमध्ये रिकीब जखडल्याने प्रतिक्षेप नोंदला जात नाही. त्यावरील शस्त्रक्रियेत स्टेपीडियसचा कंडरा बहुधा कापावा लागतो, तरी कृत्रिम दट्ट्या बसवल्यावर ऐकू येणे बहुतेकांत सुधारते.