मद्यपी चालकामुळे जखमी झालेल्यांचे कायदेशीर हक्क (भारत)
मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम १८५नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे गुन्हा आहे. जखमी व्यक्तीला खरा आधार मात्र याच कायद्याखालील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा असतो. कलम १६६खाली उपचारखर्च, बुडालेले उत्पन्न, अपंगत्व आणि वेदना यांची भरपाई मागता येते. दावा अपघातस्थळी किंवा स्वतःच्या राहत्या ठिकाणीही दाखल करता येतो. मुदत सहा महिन्यांची आहे, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी ती अपुरीच. चूक सिद्ध न करता कलम १६४खाली गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात. चालक पळून गेला व वाहनाचा पत्ता लागला नाही, तर गंभीर जखमीला शासकीय योजनेतून ५० हजार मिळतात. चालक प्यायला होता, या सबबीवर विमा कंपन्या हात वर करतात. अशा वेळी अनेकदा न्यायालये त्यांना आधी भरपाई देऊन मग ती वाहनमालकाकडून वसूल करायला सांगतात.

फौजदारी खटला वेगळा चालतो. वांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ साली पदपथावर झोपलेल्या सात मजुरांचा बळी घेणाऱ्या चालकाची सदोष मनुष्यवधाची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली; ती अवघी तीन वर्षांची होती.