एकदा जिंकलं तर नशीब, दुसऱ्यांदा जिंकलं तर पॅटर्न : विदर्भाचा रणजी आणि आपला मराठवाडा

मंडळी, पोस्ट थोडी लांब आहे. क्रिकेटची आहे, पण फक्त क्रिकेटची नाही. ज्यांना क्रिकेटमध्ये रस नाही त्यांनीही शेवटपर्यंत वाचावी, कारण विषय आपल्या पोरांचा आहे.

आपल्या लातूर-नांदेडकडं एक गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. एखाद्या वर्षी एखादं पोरगं बोर्डात आलं तर लोक म्हणतात, हुशार होतं, नशीबवान होतं. पण वर्षामागून वर्ष एकाच गावातून पोरं येऊ लागली की त्याला नशीब म्हणत नाहीत, पॅटर्न म्हणतात. 'लातूर पॅटर्न' हे नाव असंच पडलं. खेळातही तोच हिशोब आहे. पहिलं अजिंक्यपद कधी कधी लागून जातं. दुसरं लागत नाही, ते कमवावं लागतं.

याचं आपल्या शेजारचं उदाहरण म्हणजे विदर्भ.

विदर्भाचा संघ 1957-58 पासून रणजी करंडक खेळतोय. त्याआधी तिकडची पोरं मध्य प्रांत व वऱ्हाड या संघातून खेळायची. पुढची साठ वर्षं या संघाची ओळख काय होती, तर समोरच्या संघाला हमखास गुण देणारा संघ. तिकडं मुंबईनं 1958-59 ते 1972-73 असे सलग 15 करंडक नेले. विदर्भाचं नाव मात्र अंतिम सामन्यात कधी दिसलंच नाही.

2017-18 ला चित्र बदललं. कोलकात्याला उपांत्य सामन्यात कर्नाटकासारख्या तगड्या संघाला फक्त 5 धावांनी हरवलं. मग इंदूरला अंतिम सामन्यात दिल्लीचा 9 गडी राखून पराभव. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेल्या रजनीश गुरबाणीनं अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक घेतली, यष्टिरक्षक अक्षय वाडकरनं शतक ठोकलं. 1 जानेवारी 2018 ला फैझ फजलच्या संघानं करंडक उचलला.

तेव्हा मोठ्या शहरांतले जाणकार काय म्हणाले असतील, ते आपण मागास भागातली माणसं बरोबर ओळखू शकतो. "चांगलं झालं हो, पण एखाद्या वर्षी होतं असं." तोंडावर कौतुक आणि मनात शंका. आपल्याला याची सवय आहे.

म्हणून खरी परीक्षा होती ती 2018-19 चा हंगाम. आता समोरचा प्रत्येक संघ विदर्भाचा अभ्यास करून येणार होता. चॅम्पियनला हरवायला सगळ्यांनाच आवडतं. त्यात गटही अवघड होता. मुंबई, कर्नाटक, गुजरात, सौराष्ट्र, बडोदा, आणि आपला महाराष्ट्रही त्याच गटात.

त्या हंगामात नागपूरला विदर्भानं मुंबईला एक डाव आणि 145 धावांनी हरवलं. ज्या मुंबईनं सलग 15 वेळा करंडक नेला, तिला डावानं! आणि हे करताना विदर्भाच्या बाजूनं उभा होता मुंबईचाच वसीम जाफर. चाळिशी गाठलेला माणूस. मुंबई सोडून विदर्भात आला आणि त्या एका हंगामात त्यानं 1037 धावा काढल्या. उपउपांत्य सामन्यात उत्तराखंडविरुद्ध द्विशतक. उपांत्य सामना केरळात वायनाडला झाला. तिथं उमेश यादवनं दोन्ही डावांत मिळून 12 बळी घेतले आणि सामना दोन दिवसांतच आटोपला. उमेश म्हणजे कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, हे सगळ्यांना माहीत आहेच.

अंतिम सामना 3 फेब्रुवारी 2019 पासून नागपूरजवळ जामठ्याला. समोर सौराष्ट्र, त्यांच्याकडं चेतेश्वर पुजारा. विदर्भानं 312 केल्या. त्यात दोन्ही हातांनी फिरकी टाकणाऱ्या अक्षय कर्णेवारच्या नाबाद 73. सौराष्ट्रानं 307 केल्या. म्हणजे आघाडी अवघ्या पाच धावांची. रणजीत अंतिम सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारा जिंकतो, त्यामुळं त्या पाच धावा सोन्याच्या होत्या. पण विदर्भ त्या पाच धावांवर बसून राहिला नाही.

दुसऱ्या डावात 200 झाल्या आणि सौराष्ट्राला 206 चं लक्ष्य मिळालं. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांची अवस्था 5 बाद 58. पाचव्या दिवशी सगळा संघ 127 वर गारद. विदर्भ 78 धावांनी विजयी. डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटेनं सामन्यात 11 बळी घेतले आणि दोन्ही डावांत पुजाराला त्यानंच बाद केलं, एकदा 1 वर आणि एकदा शून्यावर. शिवाय दुसऱ्या डावात बॅटनंही 49.

सलग दुसरा करंडक! पाठोपाठ इराणी करंडकही राखला. पुलवामाच्या हल्ल्याला दोन-चारच दिवस झाले होते. ती बक्षिसाची रक्कम शहीद जवानांच्या कुटुंबांना देत असल्याचं कर्णधार फजलनं जाहीर केलं.

आता मुद्द्याचं. हे झालं कसं?

चंद्रकांत पंडितसारखा कडक शिस्तीचा प्रशिक्षक आणला, हे खरं. जाफर आणि कर्नाटकातला गणेश सतीश अशी बाहेरची अनुभवी माणसं घेतली, हेही खरं. पण मंडळी, दोन पाहुणे आणि एक गुरुजी यांच्यावर करंडक येत नाही. बाकीचे नऊ जण कुठून आले ते बघा. गुरबाणी, सरवटे, वाडकर, कर्णेवार, फजल, उमेश ही सगळी विदर्भातच घडलेली पोरं. जामठ्याचं स्टेडियम 2008 मध्ये उभं राहिलं. त्याच्या आगंमागं अकादमी झाली, वयोगटांचे संघ नीट बांधले, प्रशिक्षक नेमले. पेरणीनंतर पीक हाती यायला जवळपास दहा वर्षं लागली. सोयाबीन चार महिन्यांत येतं, खेळाडू येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे निर्णय घेणारी संघटना नागपुरात होती. निवड नागपुरात, पैसा नागपुरात, जबाबदारीही नागपुरात. हरले तर शिव्या खायलाही तिथंच माणूस होता.

आता आपल्याकडं वळू. विदर्भ आणि मराठवाडा यांची नावं राज्याच्या राजकारणात कायम जोडीनं येतात. नागपूर करारात दोघं, 1984 च्या दांडेकर समितीच्या अनुशेषात दोघं, विकास मंडळांत दोघं. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, नोकऱ्यांचा अनुशेष यावर आपण शेकडो सभा ऐकल्या. मैदानाचा अनुशेष कुणी मोजला?

इतिहास बघितला तर गंमत वाटते. 1937-38 चा रणजी करंडक हैदराबादनं जिंकला होता. तेव्हा नांदेड आणि लातूर निजामाच्याच राज्यात होते. म्हणजे कागदोपत्री आपणही एकदा विजेत्या राज्याचे रहिवासी होतो! त्यानंतर लगेच महाराष्ट्राच्या संघानं प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली 1939-40 आणि 1940-41 असा सलग दोनदा करंडक जिंकला. विदर्भानं जे 2019 ला केलं, ते पुण्याच्या संघानं जवळपास 80 वर्षांपूर्वी केलं होतं. पण 1941 नंतर महाराष्ट्राला तो करंडक पुन्हा मिळाला नाही. 2013-14 ला अंतिम सामन्यापर्यंत पोचले, तिथं कर्नाटकानं अडवलं.

1956 ला मराठवाडा हैदराबादमधून बाहेर पडला आणि आपलं क्रिकेट पुण्याच्या संघटनेच्या कक्षेत आलं. विदर्भाला स्वतःचा संघ मिळाला, आपल्याला मिळाला नाही. नांदेड ते पुणे अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. चौदा वर्षांच्या पोराला निवड चाचणीला न्यायचं म्हणजे बापाचा दोन दिवसांचा रोज बुडतो, रेल्वे नाहीतर ट्रॅव्हल्सचं तिकीट, राहायचा खर्च वेगळा. निवड झाली नाही तर पुढच्या वर्षी बाप म्हणतो, "बस झालं, नीटचा क्लास लाव."

तरी पोरं येतातच. बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर भारताकडून कसोटी खेळला, पण रणजी करंडक त्यानं रेल्वेकडून खेळून जिंकला. जालन्याचा विजय झोल 2014 च्या 19 वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. तुळजापूरचा राजवर्धन हंगर्गेकर 2022 चा तोच विश्वचषक जिंकून आला. बीडच्या सचिन धसनं 2024 ला उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 96 धावा काढल्या. म्हणजे मराठवाड्याच्या मातीत दम नाही असं कुणी म्हणू नये. पण ही एकेकटी पोरं आहेत. कुणाच्या बापानं जिद्द केली, कुणाला एखादा चांगला सर भेटला. हा अजून पॅटर्न नाही.

मराठवाड्याचा वेगळा रणजी संघ हवा, अशी मागणी कुणी केली की टाळ्या पडतात. मला ती मागणी चूक वाटत नाही. पण नुसता संघ मिळून भागत नाही, हेही विदर्भच सांगतो. संघ 1957 ला मिळाला, करंडक 2018 ला आला. मधली पन्नास वर्षं नाव होतं, व्यवस्था नव्हती. व्यवस्था उभी राहिली आणि दहा वर्षांत निकाल लागला. आणि ती टिकली म्हणूनच 2019-20 ला तिसरा करंडक हुकला, पंडित पुढं मध्य प्रदेशला गेले, जाफर निवृत्त झाला, तरी 2024-25 ला विदर्भ पुन्हा विजेता झाला.

म्हणून आधी छोटी मागणी करू. प्रत्येक जिल्ह्यात वर्षभर निगा राखलेली टर्फ विकेट. पगारी प्रशिक्षक, फक्त उन्हाळी शिबिरापुरता नव्हे. वयोगटाची पहिली निवड चाचणी पुण्यात नाही, नांदेडला आणि लातूरला. आणि जिल्ह्याचं मैदान सभा, प्रदर्शन, लग्न यांना किती दिवस दिलं आणि खेळाला किती दिवस मिळालं, याचा हिशोब दरवर्षी जाहीर.

लातूरनं अभ्यासात देशाला दाखवून दिलं की छोट्या गावातही पॅटर्न उभा राहतो. त्यासाठी पोरं बदलली नव्हती, शिकवायची पद्धत बदलली होती.

तुमच्या तालुक्यात पोरं सराव कुठं करतात? टर्फ विकेट आहे का? शेवटची निवड चाचणी कधी झाली? कमेंटमध्ये गावाच्या नावासह लिहा. सगळी माहिती जमली की जिल्हानिहाय यादी करून इथंच टाकतो, आणि तीच घेऊन संबंधितांकडं जाऊ.