मोटारगाडी : विनोदी चित्रपट आणि मालिकांतील

चित्रपटात किंवा दूरचित्रवाणी मालिकेत वाहनापुरती न राहता पात्र बनलेली, प्रेक्षकांना नटनट्यांइतकीच ओळखीची झालेली मोटार. हिंदी आणि मराठी विनोदी कथांमध्ये अशा गाड्यांचे दोन ठळक प्रकार आढळतात. एक ढकलल्याशिवाय चालू न होणारी, दुसरी परक्याची. स्वतःच्या पैशांनी घेतलेली, कुरकुर न करता धावणारी नवी गाडी आपल्याकडच्या विनोदाला फारशी मानवलेली नाही, आणि त्याला सबळ कारणे आहेत. या दोन्ही प्रकारांतले उत्तम नमुने देणारी माणसे नागपूर किंवा नागपूर जिथली राजधानी होती त्या जुन्या मध्य प्रांताशी जोडलेली आहेत. म्हणून ही नोंद त्या बाजूने लिहिली आहे.

मराठीत ‘गाडी’ हा शब्द फार ऐसपैस आहे. बैलगाडी, आगगाडी, एसटी, स्कूटर आणि मोटार या सगळ्यांना तो चालतो. विदर्भात बैलगाडीला बंडी म्हणतात, हलक्या गाडीला रेंगी. आजही नागपुरात कोणी ‘गाडी बाहेर लावली आहे’ म्हणाला तर बहुधा ती दुचाकी असते, आणि चारचाकीला ‘फोर व्हीलर’ म्हणून वेगळे काढले जाते. जुन्या, खडखडणाऱ्या मोटारीसाठी मात्र खटारा, डबडा असे शब्द आहेत. ते रागाने उच्चारले जातात तितकेच मायेनेही. विनोदी चित्रपटांतली गाडी या मायेवर उभी आहे.

या परंपरेतले सर्वांत लाडके उदाहरण म्हणजे सत्येन बोस दिग्दर्शित ‘चलती का नाम गाडी’ (१९५८). अशोककुमार, अनूपकुमार आणि किशोरकुमार हे सख्खे भाऊ यात मोटार दुरुस्तीचे गॅरेज चालवणाऱ्या तीन भावांच्या भूमिकांत आहेत. थोरल्या ब्रिजमोहनला बायकांचा तिटकारा. त्यामुळे गॅरेजभर त्याचाच कायदा. एका पावसाळी रात्री मधुबालाची रेणू बिघडलेली गाडी घेऊन येते तेव्हा धाकटा मनमोहन ऊर्फ मन्नू एकटाच जागा असतो, आणि चित्रपटाची गोष्ट तिथून सुरू होते. दुरुस्तीचे पाच रुपये बारा आणे घ्यायचे राहून जातात. ती उधारी वसूल करण्याच्या निमित्ताने मन्नू पुन्हा तिच्यापर्यंत पोचतो. इतक्या क्षुल्लक बिलावर इतके मोठे प्रेम उभे करणारी पटकथा हिंदीत विरळाच.

भावांची स्वतःची गाडी म्हणजे १९२८ ची शेव्हरोले, चित्रपट आला तेव्हा तीस वर्षांची. छप्पर उघडे, चाके बारीक, अंगात रग मात्र शाबूत. तिघे भाऊ तिच्यात दाटीवाटीने बसून रस्त्यावर गातात, तेव्हा गाणे तिघांचे न राहता चौघांचे होते. पुढे ती शर्यतीतही उतरते. शेव्हरोलेच्या इतिहासात १९२८ हे चार सिलिंडरच्या इंजिनाचे अखेरचे वर्ष. पुढच्याच वर्षी कंपनीने सहा सिलिंडरचे इंजिन आणले. म्हणजे पडद्यावरची ही म्हातारी त्या इंजिनाच्या शेवटच्या पिढीतली होती. हँडल मारून जागवावी लागणारी, गियर बदलताना हिसका देणारी अशी ही गाडी चालवताना माणसाला सगळे अंग वापरावे लागते. किशोरकुमारसारख्या अंगविक्षेपाच्या बादशहाला याहून चांगला सहकलाकार मिळाला नसता.

या तिघा गांगुली बंधूंचे घर खांडव्याचे. वडील कुंजलाल गांगुली तिथे वकील होते आणि किशोरकुमारचा जन्म ४ ऑगस्ट १९२९ रोजी तिथेच झाला. खांडवा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत असे. या प्रांताची राजधानी नागपूर, आणि १९३६ पासून उच्च न्यायालयही नागपुरातच. खांडवा ज्या निमाड भागात येते तिथल्या वकिलाला मोठ्या खटल्यासाठी नागपूर गाठावे लागे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत खांडवा मध्य प्रदेशात राहिले, नागपूर मुंबई राज्यात आले, आणि दोनच वर्षांनी हा चित्रपट झळकला. नागपूरचे चित्रपटवेड शहराच्या नकाशावरच उमटलेले आहे. व्हरायटी चौक, पंचशील चौक, आनंद टॉकीज ही ठिकाणे थिएटरांच्या नावांनीच ओळखली जातात.

१९५८ मध्येच बंगालीत ऋत्विक घटक यांचा ‘अजांत्रिक’ आला. त्यातही जुनी शेव्हरोलेच आहे, १९२० ची. तिचे नाव जगद्दल. कथा सुबोध घोष यांची. काली बॅनर्जींचा विमल हा टॅक्सीचालक या गाडीशी बोलतो, तिच्यावर रुसतो, तिला पाणी पाजतो, आणि लोक त्याला वेडा ठरवतात. घटकांनी हसता हसता गळा दाटून आणला आहे. जगद्दल अखेर भंगारात जाते. दोन भाषांत, एकाच वर्षी, एकाच कंपनीच्या दोन गाड्या. खांडव्याच्या भावांना गाडीत कुटुंब दिसले, विमलला एकुलता एक सोबती.

जुन्या अमेरिकन गाड्या इतक्या ठिकाणी का भेटतात, याचे उत्तर शिवडीत आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला शेव्हरोलेची जुळणी सुरू केली. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण ठरवले की सुटे भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्या कंपन्यांनी इथेच उत्पादन करावे किंवा निघून जावे. १९५४ मध्ये तो कारखाना बंद झाला. उरल्या मुख्यतः दोन देशी गाड्या. मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावरची हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बॅसडर, आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची कुर्ल्यात बनणारी फियाट, जी पुढे पद्मिनी झाली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० येईपर्यंत मध्यमवर्गीयाला गाडी म्हणजे वर्षानुवर्षांची वाट पाहणे होते. तोवर जुनीच दुरुस्त करून वापरायची. मिस्त्री हा घरच्या डॉक्टरसारखा असे. म्हणूनच आपल्या विनोदातली गाडी आजारी आणि वयस्क आहे, आणि तिच्यावर हसणारा प्रेक्षक स्वतः कधी ना कधी मागून धक्का मारून आलेला आहे.

परदेशातल्या नामांकित गाड्यांशी तुलना केली की फरक चटकन लक्षात येतो. ब्रिटिश ‘जेनेव्हिव्ह’ (१९५३) मधली १९०४ ची डॅरॅक ही लंडन-ब्रायटन दौडीत भाग घेणाऱ्या नवराबायकोच्या मधली सवत आहे. ‘द लव्ह बग’ (१९६८) मधली हर्बी, पाठीवर ५३ आकडा मिरवणारी फोक्सवॅगन बीटल, स्वतःच्या मर्जीने धावते. ‘फॉल्टी टॉवर्स’च्या १९७५ च्या एका भागात बंद पडलेल्या ऑस्टिनला बेसिल फॉल्टी झाडाच्या फांदीने फोडून काढतो. मिस्टर बीनची पोपटी मिनी, काळ्या बॉनेटची, दाराला कडी आणि कुलूप लावलेली, एकट्या माणसाचे एकटे घर आहे. या सगळ्यांत मालक एक, गाडी एक. आपल्याकडे गाडी ढकलायला नेहमी चार-पाच माणसे लागतात, आणि गोष्ट त्या चार-पाच जणांची होते.

मराठीत हा धागा सर्वांत ठसठशीतपणे ‘दे धक्का’ (२००८) मध्ये दिसतो. सुदेश मांजरेकर आणि अतुल काळे दिग्दर्शित या चित्रपटाचा आधार अमेरिकन ‘लिटल मिस सनशाइन’ (२००६). मूळ चित्रपटातली पिवळी फोक्सवॅगन बस क्लच गेल्यामुळे ढकलत न्यावी लागते. मराठीत तिच्या जागी टेम्पो आला. मकरंद अनासपुरे यांचा मकरंद जाधव इंधन वाचवणाऱ्या यंत्रभागाच्या शोधापायी कफल्लक झालेला. मुलीच्या नृत्यस्पर्धेसाठी अख्खे घर कोल्हापूरहून मुंबईला निघते. शिवाजी साटम यांचे तर्राट आजोबा, सिद्धार्थ जाधवचा मामा, बायको, मुले, सगळी त्या एका टेम्पोत. इंधन वाचवण्याचा शोध लावणाऱ्या माणसाचीच गाडी धक्क्यावर चालते. रूपांतर असूनही ते इथल्या मातीतले वाटते, कारण धक्कास्टार्ट गाडीचा प्रसंग मराठी माणसाला कोणी समजावून सांगावा लागत नाही. शीर्षक तर रस्त्यावर रोज ऐकू येणारी आरोळीच आहे. पुढे कन्नडमध्येही ‘क्रेझी कुटुंबा’ (२०१०) या नावाने तो केला गेला.

दुसरा प्रकार परक्याच्या गाडीचा. हृषीकेश मुखर्जींच्या ‘चुपके चुपके’ (१९७५) मध्ये वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक ड्रायव्हर होऊन सासरच्या नातेवाइकांच्या घरात शिरतो. स्टिअरिंगमागे बसला की माणूस घरातला होतो आणि तरीही नोकर राहतो, या एका फटीतून सगळा विनोद निघतो.

या प्रकाराचा कळस ‘फेरारी की सवारी’ (२०१२) हा आहे. त्याचे संवाद राजकुमार हिरानी यांचे. हिरानी जन्माने आणि वाढीने नागपूरचे. वडील टायपिंगची संस्था चालवत, मुलगा संकलन शिकायला पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेला. दिग्दर्शक राजेश मापुसकर हे हिरानी यांच्याच हाताखाली तयार झालेले. शर्मन जोशीचा रुस्तम हा आरटीओतला पापभीरू पारशी कारकून. चुकून सिग्नल तोडला तर दंड भरायला स्वतः पोलिसाला शोधत जाणारा. क्रिकेटवेड्या मुलाला लॉर्ड्सच्या शिबिराला पाठवायला पैसे हवेत. तिकडे एका पुढाऱ्याच्या मुलाला वरातीसाठी फेरारी हवी. आणि मुंबईत सर्वांना ठाऊक असलेली फेरारी सचिन तेंडुलकरची.

ती खरी गाडी म्हणजे लाल ३६० मोडेना. डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल फियाटकडून मिळालेली आणि २००२ मध्ये मायकेल शूमाकरच्या हस्ते दिलेली. तिच्यावरचे आयात शुल्क माफ करण्यावरून देशभर वाद झाला, अखेर ते फियाटने भरले. असा इतिहास असलेली गाडी एका रात्रीपुरती कारकुनाच्या हाती येते. ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात धावू शकणाऱ्या या यंत्राला चित्रपट वरातीच्या चालीने चालवतो. वेगाचा त्यात काही संबंध नाही, धाकधूक आहे ती ओरखडा उमटू नये याची. दुसऱ्याची वस्तू सांभाळून परत करण्याचा जो ताण मध्यमवर्गीय घरांत मुरलेला असतो, त्याचे इतके नेमके चित्रण क्वचितच झाले असेल.

हिरानींच्या स्वतःच्या ‘थ्री इडियट्स’ (२००९) मध्येही हाच विचार दिसतो. चतुर ज्या ६४९६ सीसीच्या लॅम्बोर्गिनीची फुशारकी मारतो ती फक्त फोटोत आहे. राजूच्या वडिलांची प्रकृती बिघडते तेव्हा त्यांना दवाखान्यात पोचवते ती पियाची स्कूटर, दोघांच्या मध्ये रोग्याला धरून. ‘पीके’ (२०१४) मध्ये परग्रहवासी उभ्या मोटारींतून कपडे गोळा करतो. मोटारीचा असा वापर करणारा तो पहिलाच नायक असावा.

मालिकांमध्ये याच घराण्यातले वाहन म्हणजे ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ (२८ जुलै २००८ पासून) मधील आत्माराम तुकाराम भिडे यांची स्कूटर. मंदार चांदवडकर यांनी साकारलेल्या या काटकसरी शिकवणी मास्तरांनी तिचे नाव सखाराम ठेवले आहे. ती बंद पडली की भिडे तिची समजूत काढतात. मोटारींच्या नोंदीत दुचाकी घ्यावी का, असा प्रश्न पडेल. पण मराठीत तीही गाडीच. त्याच न्यायाने सचिन पिळगावकर यांच्या ‘नवरा माझा नवसाचा’ (२००४) मधली गणपतीपुळ्याला जाणारी एसटी इथे यायला हवी. अशोक सराफ यांचा कंडक्टर आणि एकाच बसमध्ये कोंडलेले नमुनेदार प्रवासी ही तिची कमाई.

पडद्यावर मुंबई दाखवायची तर काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी अपरिहार्य होती. अपघाताने एकमेकांच्या आयुष्यात घुसलेल्या टॅक्सीवाल्याची आणि श्रीमंत मुलाची गोष्ट सांगणाऱ्या ‘टॅक्सी नं. ९२११’ (२००६) मध्ये नाना पाटेकर तिच्या स्टिअरिंगमागे आहेत. मुंबईत टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. तिच्यामुळे अखेरची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी रस्त्यावरून उतरली.