जंतू, जिवाणू आणि जिवाणू खत

मृग लागला की यवतमाळ, दारव्हा, पुसदच्या कृषी केंद्रांवर बियाण्यांच्या पिशव्यांसोबत लहान पाकिटेही दिसू लागतात. त्यांवर ‘रायझोबियम जिवाणू खत’ असे छापलेले असते. त्याच रस्त्यावरच्या दवाखान्यात मात्र हाच जिवाणू रोगाचे कारण म्हणून सांगितला जातो. एकच संज्ञा एका दाराशी विकत घ्यायची आणि दुसऱ्या दाराशी मारायची, हे कसे झाले?

त्यासाठी आधी ‘जंतू’कडे वळावे लागते. संस्कृत ‘जन्’ धातूपासून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ एवढाच : जो जन्मतो तो. माणूसही त्यात आला. ‘जीवजंतू’ या जोडशब्दात तो निरपराध अर्थ अजून शिल्लक आहे. ‘जंत’ या रूपात तो पोटातल्या कृमींपुरता आक्रसला. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती 1857 ची. पाश्चर आणि कॉख यांनी रोगांचे मूळ सूक्ष्मजीवांत दाखवले ते त्यानंतर. तेव्हा रोगकारक सूक्ष्मजीव हा अर्थ त्या कोशात असणे शक्यच नव्हते. 1894 मध्ये हाँगकाँगला येर्सिनने प्लेगचा दंडाणू ओळखला, 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, 1897 च्या जानेवारीत हाफकिन यांनी तिथेच तयार केलेली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. अशा काळातून गेलेल्या भाषेत ‘जंतू’ला भयाचा वास लागला तर नवल नाही. आज ‘जंतुनाशक’ म्हटल्यावर कोणते जंतू, असे कोणी विचारत नाही.

‘जिवाणू’ हा शास्त्रीय परिभाषेने घडवलेला शब्द : जीव अधिक अणू, म्हणजे अतिसूक्ष्म जीव. त्यात आरोप नाही. ‘विषाणू’त तो आहे, कारण मूळ लॅटिन ‘व्हायरस’चाच अर्थ विष. गंमत अशी की, हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी एचएएनपीव्ही नावाचा विषाणूच फवारतात. तो अळीला मारतो, माणसाला बाधत नाही. बीटी कपाशीतले ‘बीटी’ हेही एका जिवाणूच्याच नावाचे आद्याक्षर. 2002 मध्ये तिला देशात परवानगी मिळाली आणि कापसाच्या या जिल्ह्यात ते नाव घरोघरी गेले. त्यामागचा जिवाणू मात्र अनोळखीच राहिला.

रोगकारक सूक्ष्मजीवाला म्हणूनच ‘रोगजंतू’ किंवा ‘रोगकारक’ म्हणावे, नुसते ‘जंतू’ किंवा ‘जिवाणू’ नव्हे, असे आम्हांला वाटते. हा केवळ शब्दांचा काटेकोरपणा नाही. सोयाबीनच्या बियाण्याला बुरशीनाशक आधी लावायचे, ते सुकल्यावर मग गुळाच्या पाण्यातले रायझोबियम चोळायचे आणि बियाणे सावलीत वाळवून लगेच पेरायचे, असा क्रम असतो. दोन्ही एकत्र कालवले तर पाकिटातले जिवाणू मरतात आणि मुळांवर गाठी कमी धरतात. पाकिटात जिवंत काही आहे आणि ते जिवंतच ठेवायचे आहे, हे ‘खत’ हा शब्द सांगत नाही. ते सांगण्याचे काम एकट्या ‘जिवाणू’वर येते, आणि त्याचा अर्थ दवाखान्याने आधीच ठरवून टाकलेला असतो.