हवामान-अनुकूलन संवाद (धडगाव)

बदलत्या हवामानाची माहिती डोंगरी वस्त्यांना पेरणीच्या निर्णयासाठी वापरता यावी, यासाठीचा संवाद. धडगाव हे नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्याचे मुख्यालय. सातपुड्यातील या तालुक्यात भिल्ल व पावरा समाजाची वस्ती असून उतारावरील शेती मुख्यतः पावसावरची आहे. पाडे विखुरलेले, मोबाइलची रेंज बेभरवशाची आणि घरची बोली पावरी किंवा भिली. त्यामुळे प्रमाण मराठीतला मोबाइलवरचा कृषिसल्ला इथे अर्ध्या वाटेतच अडतो. त्यापेक्षा बायफ संस्थेच्या मदतीने उभ्या राहिलेल्या बियाणे बँकांची रीत अधिक परिणामकारक म्हणावी लागेल. बियाणे प्रदर्शनात पांढऱ्या, पिवळ्या, जांभळ्या मक्याची कणसे, ज्वारी, भगर मांडतात. कोणते वाण लवकर निघते, कोणते पावसाचा खंड सोसते, हे पेरणारेच एकमेकांना सांगतात. त्यात बियाणे जपणाऱ्या बायकांचा शब्द वजनदार. दुसरीकडे, भारतीय हवामान विभागाच्या योजनेतील जिल्हा कृषी हवामान केंद्रे 2024 मध्ये देशभर बंद झाली. तालुकापातळीवरील सल्ल्याला त्याचा फटका बसला. आठवडे बाजार व ग्रामसभा ही माध्यमे मात्र अजून पुरेशी वापरलेली नाहीत.