पेशी

मराठवाड्यात 'पेशी' हा शब्द दोन दारांनी आत आला आहे. छत्रपती संभाजीनगरच्या न्यायालयाच्या आवारात कोणी "सोमवारी पेशी आहे" म्हणाले, तर बोलणे सुनावणीचे असते. आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात तोच शब्द कानावर पडला, तर विषय शरीराचा असतो. उच्चार एक, लेखन एक. गोत्रे मात्र निराळी.

पहिली पेशी फारसी. 'पेश' म्हणजे समोर, पुढे. पेशवा, पेशकार, पेशगी ही तिची सख्खी भावंडे. निजामाच्या कचेऱ्यांत आधी फारसी आणि मग उर्दू चालली, त्यामुळे 1948 मध्ये राज्य गेले तरी शब्द राहिला. इथे कोडे काही नाही.

कोडे आहे ते दुसऱ्या पेशीत. मराठीत पेशी म्हणजे सजीवाचा मूलघटक. हिंदीत त्याला 'कोशिका' म्हणतात आणि 'पेशी' म्हणजे स्नायू. सुश्रुताने शरीरात 500 पेशी मोजल्या आहेत, त्याही उघडच स्नायू. म्हणजे हिंदीने जुना अर्थ सांभाळला आणि मराठीने तो पुढे सरकवला, असे दिसते. त्याही मागे गेले तर पेशी म्हणजे नुसता मांसाचा तुकडा. 'पिशित' हा मांसवाचक शब्द तिचाच नातलग. त्याचा मूळ अर्थ 'कापलेले'. दोघांच्या बुडाशी 'पिश्' हा धातू असावा: कापणे, तासणे, घडवणे.

आता रुग्णाच्या नातेवाइकांचे बोलणे ऐकावे. 'बायॉप्सी' शब्द ठाऊक असूनही ते म्हणतात, "गाठीचा तुकडा तपासायला पाठवलाय." गाठ म्हणजे संस्कृत ग्रंथि, प्राकृतातल्या 'गंठि'वरून आलेली, आणि तुकडा म्हणजे पेशीचा सर्वांत जुना अर्थ. नव्या शब्दाला बगल देताना बोली नकळत दोन हजार वर्षे मागे जाऊन उभी राहते, याचे मला फार कौतुक वाटते.

'पिश्' मात्र कापण्यावर थांबत नाही. वेदांत 'पेशस्' म्हणजे नटवलेले, रंगीत रूप, आणि यजुर्वेदातली 'पेशस्कारी' ही भरतकाम करणारी स्त्री असावी. पैठणी आणि हिमरूच्या या मुलखात तिची ओळख वेगळी करून द्यायला नको. लॅटिनमध्ये याच मुळापासून रंगवण्याचे क्रियापद निघाले, इंग्रजीतले 'पेंट' आणि 'पिग्मेंट' त्याच घरचे. इराणात या धातूला 'नि' उपसर्ग लागला आणि अर्थ झाला लिहिणे. दारियस राजाच्या बेहिस्तून शिलालेखात तो आहे, आणि अशोकाच्या शाहबाजगढीच्या लेखांत 'लिहिलेले' या अर्थी 'निपिस्त' आढळते. पुढे फारसीत त्याचे 'नविश्तन' झाले, त्यावरून 'नवीस', आणि फर्दनवीसाचा आपला फडणीस, चिटनवीसाचा चिटणीस. म्हणजे फडणिसाचे नाते जुळते ते रुग्णालयातल्या संस्कृत पेशीशी. कोर्टातल्या फारसी पेशीशी नव्हे. वरवर पाहता कोणीही उलटेच सांगेल!

कापणे, रंगवणे, लिहिणे. विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत हे तिन्ही अर्थ याच क्रमाने घडतात. तुकडा मेणात बसवून त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप काढतात. ते काचपट्टीवर घेऊन हिमॅटॉक्सिलिनने रंगवले की पेशीकेंद्रके निळी-जांभळी होतात, आणि इओसिनने भोवतालचा भाग गुलाबी. मग भिंगाखाली पाहून अहवाल लिहायचा.

नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही संशोधनसंस्था आहे. तिथे डॉ. सी. मुरली कृष्णा यांच्या गटाने यातली पहिली दोन पावले वगळून पाहण्याचा उद्योग वर्षानुवर्षे केला, आणि तोही मुखाच्या कर्करोगावर, जो तंबाखूमुळे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. 785 नॅनोमीटरचा लेझर शोधनलिकेतून गालाच्या आतल्या अस्तरावर टाकायचा आणि परत येणारा प्रकाश काही सेकंद टिपायचा. त्यातला बहुतेक प्रकाश गेला तसाच परततो. कोटीभर प्रकाशकणांत एखादाच रेणूंच्या कंपनांशी देवाणघेवाण करून रंग बदलतो. हाच रामन परिणाम. त्या मूठभर प्रकाशाचा आलेख काढला की निरोगी अस्तरात 1440 आणि 1750 प्रति सेंटीमीटरच्या आसपास मेदाची शिखरे ठळक दिसतात. गाठीत ती दबतात आणि प्रथिनांची शिखरे वर येतात. रामन यांचा शोध 28 फेब्रुवारी 1928 चा, आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले 28 फेब्रुवारी 1941 ला. योगायोगच, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

या आलेखाला आपण वर्णपट म्हणतो. 'पट' म्हणजे वस्त्र, तेव्हा पेशस्कारी इथेही फार दूर नाही. न्यूटनने वापरलेल्या 'स्पेक्ट्रम'चा लॅटिन अर्थ मात्र आभास, छायारूप. त्यातल्या पाहण्याच्या धातूचे संस्कृत नातलग 'पश्यति' आणि हेर या अर्थाचा 'स्पश'. उर्दूत वर्णपटाला 'तैफ' म्हणतात. हा अरबी शब्द, आणि त्याचाही मूळ अर्थ स्वप्नात दिसणारे छायारूप! उर्दूच्या प्रसारासाठीच्या अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचा कारभार मौलवी अब्दुल हक यांनी बरीच वर्षे छत्रपती संभाजीनगरातूनच, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेतून, चालवला. तेव्हा शास्त्रीय परिभाषेची अशी चर्चा इथल्या हवेला नवी नसावी.

कर्करोगाच्या नावांत तर खेकड्यांचीच रांग आहे. ग्रीक 'कार्किनोस', लॅटिन 'कॅन्सर', अरबी-उर्दू 'सरतान', आपला कर्क. गाठीभोवती फुगलेल्या शिरा प्राचीन ग्रीक वैद्य गेलनला खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या होत्या. आयुर्वेदाने खेकडा पाहिला नाही. त्याने 'अर्बुद' म्हटले. आणि इथे एक जुनी शेजारीण भेटते. बौद्ध परंपरेत गर्भाच्या वाढीचा क्रम सांगितला आहे तो कलल, अर्बुद, पेशी, घन असा. सुश्रुतही दुसऱ्या महिन्यातल्या गर्भाचे पिंड, पेशी आणि अर्बुद असे आकार सांगतो. तिथे अर्बुद रोग नव्हे, पेशीसारखाच वाढत्या मांसाचा एक आकार. दोहोंत वैर आले ते पुढे, आणि तेही पूर्णपणे आले असे दिसत नाही.

खारघरच्या शोधनलिकेचाही कस लागतो तो याच सीमेवर. तंबाखूने गालात पडलेला पांढरा चट्टा अजून गाठ नसतो आणि निरोगीही नसतो. अशा जागांचे वर्णपट दोन्हीकडच्या वर्णपटांत मिसळू शकतात. अंतिम निदान आजही तुकड्यावरच होते. तो नेमका कुठून घ्यावा, हे ठरवायला मात्र या प्रकाशाची मदत होऊ शकते.